सैल झाकण

बरणीला कान लावला की आत काय चाललंय ते कळतं. गाजर, मुळा, फुलकोबी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की दोन-तीन दिवसांत पाणी गढुळतं, बारीक बुडबुडे काचेला चिकटून वर चढतात आणि कोणी दातांतून श्वास सोडावा तसा आवाज सुरू होतो. मानेसरला माझ्या शेडमध्ये गुडगावच्या बायका हे शिकायला येतात. येताना ग्रॅमचा काटा आणतात, मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ आणतात आणि बसायच्या आत विचारतात, "मॅम, पहली बार में क्या बनाएँ?" मी त्यांना आधी बरणीला कान लावायला सांगते. त्या हसतात, फोटो काढतात. त्यांना वाटतं, चवीशी त्याचा काही संबंध असेल. तसा तो नाही. बरणी फुटणार आहे का, एवढंच मी ऐकत असते.

मी हे शिकले आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, मामांकडे. मामा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. वडील गेल्यावर आई काकांच्या दारात पडली आणि बारावी झाल्याझाल्या काकांनी माझ्यासाठी एक स्थळ शोधलं. पहिली बायको वारलेला, बांगड्यांचं दुकान असलेला माणूस. मामा करमाळ्याला आले, तासभर काकांशी बोलले आणि मला घेऊन दिल्लीच्या गाडीत बसले. मामींना हे गाडी निघाल्यावर कळलं असावं. क्वार्टरमध्ये दोन खोल्या, एक बाल्कनी, मामा-मामी आणि माझ्याच वयाची त्यांची मुलगी श्वेता. त्यात मी. मामींनी पहिल्याच आठवड्यात सौदा स्पष्ट केला. स्वयंपाक तू करायचा, हिवाळा इथे काढायचा. पुढे कॉलेजचं काय ते तुझे मामा बघतील, नाही जमलं तर उन्हाळ्याच्या आत करमाळा. बांगडीवाला थांबून होता. काकांचं दर पंधरवड्याला पोस्टकार्ड यायचं आणि मामी ते मला दिसेल असं फ्रिजवर ठेवायची.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. सकाळी धुक्यात स्कूटरला मारलेल्या लाथा, पाचव्या-सहाव्या लाथेला धरणारं इंजिन. सगळ्या मजल्यांवर एकामागून एक सुटणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या. भाजीवाल्याची आरोळी खालून यायची आणि मामी वरून टोपली सोडायची. दिल्लीतल्या मराठी घरांत आमटी पातळ होते आणि गोडा मसाला जपून वापरला जातो, कारण तो कोणीतरी गावाहून आणायचा असतो. मसाल्यासारखीच मामांना भाषेचीही काळजी होती. घरात हिंदी बोलायची नाही, असा त्यांचा कायदा होता. श्वेता शाळेत, बसमध्ये, मैत्रिणींत हिंदीच बोलायची. उंबरा ओलांडला की तिचं तोंड अर्धं बंद व्हायचं. तिला 'परात' कळायची, 'उलथनं' कळायचं नाही. माझ्या तोंडून एखादा जुना शब्द गेला की मामा वर्तमानपत्र खाली ठेवायचे. "वा मंगल, परत म्हण!" मी परत म्हणायची. श्वेता ताट उचलून आत जायची. तिला माझा राग का यायचा, हे कळायला मला फार हुशारीची गरज नव्हती.

वरच्या मजल्यावर सूद आंटी राहायच्या. थंडी पडली की त्यांच्या बाल्कनीत काचेच्या बरण्यांची रांग लागायची. काळी गाजरं, बीट, कुटलेली राई, लाल तिखट आणि पाणी. कांजी. आमच्याकडे कांजी म्हणजे कपड्यांची खळ, त्यामुळे पहिल्यांदा त्यांनी ग्लास पुढे केला तेव्हा मी मागे सरकले. मग प्यायले. आंबट, तिखट, नाकात जाणारी आणि पोटात गेल्यावर ऊब आणणारी. तेलाशिवाय, शिजवल्याशिवाय, नुसत्या मिठाच्या पाण्यात भाजी टिकते आणि वर तिला अशी धार येते, हे मला खरंच वाटेना. मी विचारलं, मीठ किती? आंटी म्हणाल्या, "आँसू में जितना होता है, उससे थोड़ा ज़्यादा." भाजी पाण्याखाली दाबून ठेवायची, वर धुतलेली वाटी ठेवायची. "जो टुकड़ा पानी से बाहर निकला, वो गया. बाक़ियों को भी ले जाएगा." आणि झाकण? "ढक्कन ढीला. हमेशा ढीला. इसके अंदर जान है, बेटा. साँस बंद करोगी तो मारेगी."

मी त्याच आठवड्यात सुरुवात केली. कबाड्याकडून पावडरीच्या जाड काचेच्या बरण्या घेतल्या, आटे फिरवून लावायच्या पत्र्याच्या झाकणांच्या. त्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून मी सुरू केलं आणि निम्म्यावरच थांबले, तो म्हणाला, "लड़की, तू तो मुझे बेच के आएगी." प्रत्येक बरणीला मी नखाने टिचकी मारून पाहिली. धड काच घंटेसारखी वाजते, तडकलेली ठक्क करते. ठक्क वाजलेल्या सगळ्या मी त्याच्या गाड्यावर परत ठेवल्या. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे "कबाड्याच्या फुटक्या बाटल्या" हे शब्द मी त्या घरात फार वेळा ऐकले.

पहिल्या बरणीवर फेस आला तेव्हा मामी बाल्कनीच्या दारात उभी राहिली. तिच्या माहेरी लोणचं म्हणजे कैरी पुसून कोरडी करायची, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा आवळून बांधायचा. त्या बरणीवर फेस आला तर लोणचं नासलं आणि लोणचं नासलं तर वर्षाच्या आत घरातलं माणूस आडवं होतं. हे तिने मला भीती घालायला सांगितलं नाही, अगदी सरळ सांगितलं, जसं कोणी बसचा नंबर सांगावा. "माझ्या आजेसासूच्या वेळी झालंय. फेकून दे ते."

"मामी, हे नासलेलं नाही. आंबतंय."

"तेच ते. नाव मंगल आणि घरात आणलंय काय!"

मामांनी मात्र चमचाभर पाणी चाखलं, डोळे मिटले आणि "अजून आहे का?" असं विचारलं. मामी आत गेली. त्या दिवसापासून ती बाल्कनीत कपडे वाळत घालेना. बरण्यांच्या बाजूने जावं लागलं तर पदर सावरून जायची आणि मी पाठमोरी असले तरी तिचं पुटपुटणं मला ऐकू यायचं. त्या थंडीत सूर्य आठ-आठ दिवस दिसला नाही. सूद आंटींचे मिस्टर पायऱ्यांवरून पडले, खालच्या मजल्यावर कोणाची बदली झाली, श्वेताला ताप आला. प्रत्येक वेळी मामी माझ्याकडे बघायची आणि मग बाल्कनीकडे.

संक्रांत जवळ आली तसं माझ्या डोक्यात एक आलं. मराठी मंडळाच्या बायका हळदीकुंकवाला वाण म्हणून दरवर्षी प्लास्टिकचे डबे नाहीतर आरसे वाटायच्या. मी मंडळाच्या जोशीकाकूंना गाजराची एक फोड खायला दिली. काकूंनी दुसरी मागितली. मी दिली नाही. म्हटलं, काकू, डबे तर घराघरांत एकात एक घालून ठेवलेत. या वर्षी छोट्या बरण्या वाटा, बायका पुढच्या संक्रांतीपर्यंत नाव काढतील. काकूंनी भाव पाडायचा प्रयत्न केला. मी उठले. जिन्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. घरी येऊन मामांना सांगितलं, तर ते कौतुकाने बघतच राहिले आणि मामींच्या देखत म्हणाले, "हे पार पडू दे मंगल. पार पडलं की मी तुझा कॉलेजचा फॉर्म भरतो आणि तुझ्या काकांना लिहितो, मुलगी इथेच राहणार." फ्रिजवरचं पोस्टकार्ड मामीने उचललं आणि परत तिथेच ठेवलं. माझा सगळा जीव त्या बरण्यांत होता. त्या नीट आंबल्या तर दिल्ली, नासल्या तर बांगडीवाला.

मोठ्या बरण्या ऐन भरात असताना मामींच्या बहिणीकडून निरोप आला. मानेसरला तिचं बाळंतपण झालं होतं, मदतीला कोणी नव्हतं. "मंगलला पाठव," असं तिने म्हटलं की मामीनेच सुचवलं, ते मला आजही माहीत नाही. (आज त्याच मानेसरला माझी शेड आहे. ती जागा मी मुद्दाम निवडली का, असं लोक विचारतात. जमीन स्वस्त होती, एवढंच मी सांगते.)

निघायच्या सकाळी सगळे घरात होते. मामी पोळ्यांची कणीक मळत होती, मामा आरशासमोर दाढी करत होते, श्वेता आमच्याकडे पाठ करून बसली होती. मी तिला म्हटलं, "श्वेता, रोज एकदा बरण्या बघ. भाजी वर आली तर चमच्याने खाली दाब. धुकं असलं तर आत आणून ठेव. आणि ढक्कन ढी..."

"मंगल!" मामा आरशातून ओरडले. तोंडावर सगळा फेस. "मराठीत!"

मी हसले. "झाकण सैल ठेव."

"वाहवा, सैल!" मामांनी वस्तरा हवेतच थांबवला. "किती वर्षांनी ऐकला. आमची आई म्हणायची, पोराचं झबलं सैल शिवा गं. ऐकलंस ना श्वेता?"

"हो, ऐकलं, कळलं," श्वेता म्हणाली. ती नेहमी म्हणायची तशी, लवकर सुटका व्हावी म्हणून.

मानेसरहून मी संक्रांतीच्या आदल्या दिवशी परतले. बसमधून उतरले तेव्हा दुपार होती, पण धुक्यामुळे रस्त्यावरचे दिवे लागलेले. जिन्याच्या पहिल्या वळणावर मला पायरीवर लाल-जांभळं पाणी दिसलं. वरून ओघळत खाली आलं होतं आणि एका पायरीवरून दुसरीवर ठिबकत होतं. मला आधी वाटलं, रक्त. मग वास आला, राईचा, आणि मला बरं वाटलं; बरणी सांडली असेल, एवढंच. आणखी चार पायऱ्या चढल्यावर पाण्यात दाट, वेगळा लाल रंग दिसला. आमचं दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं. जमिनीवर काचा, गाजराच्या फोडी, मामांचा चष्मा. एका बाजूची काच त्याला नव्हती.

सूद आंटी वरून धावत आल्या. म्हणाल्या, सगळे हॉस्पिटलमध्ये आहेत. मामांना चव घ्यायची होती. त्यांनी बरणी छातीशी धरली, झाकण फिरेना म्हणून जोर लावला. आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला.

आंटी बोलत होत्या आणि मला दुसरंच काही ऐकू येत होतं. बाकीच्या बरण्या आतल्या खोलीत होत्या. धुकं म्हणून श्वेताने त्या आत आणल्या होत्या, थंडी म्हणून हीटरच्या शेजारी ठेवल्या होत्या, आणि हीटर चालूच होता. प्रत्येक झाकण जितकं आवळता येईल तितकं आवळलेलं. त्यावरून चिकटपट्टी. एक वेढा नाही, तीन-तीन वेढे, कडा नखाने दाबून बसवलेल्या. पत्र्याची झाकणं मधोमध फुगून वर आली होती. आणि आवाज बंद होता. इतके दिवस चाललेला तो सुस्कारा एकाही बरणीतून येत नव्हता.

आंटींनी मला बाहेर ओढलं. मी हात सोडवून घेतला. बटन बंद केलं, मामींची गोधडी ओली केली, पहिल्या बरणीवर टाकली, तोंड फिरवलं आणि गोधडीखाली हात घालून चिकटपट्टी सोडवायला लागले. नखं तुटली. झाकण अर्धा आटा फिरलं आणि आतून एखादं जनावर फुत्कारावं तसं काही माझ्या मनगटाला लागून गेलं. मग दुसरी. मग तिसरी. माझ्या मनात भीती नव्हती, हे सांगितलं तर ते खोटं होईल. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मी प्रत्येक वेढ्याबरोबर श्वेताचं नाव घेत होते. इतकी मेहनत घेऊन चिकटपट्टी लावणारी मुलगी चुकून काही करत नाही, असं मला वाटलं. शेवटची बरणी मोकळी झाली तेव्हा खोलीच्या भिंतींवर, देव्हाऱ्यावर, श्वेताच्या वह्यांवर जांभळे शिंतोडे होते.

मामांचा उजवा डोळा गेला. डॉक्टरांनी काच काढली, नजर परत आली नाही. घरी आणलं त्या संध्याकाळी जोशीकाकू आल्या होत्या, तान्ह्या बाळाला घेऊन मामींची बहीण आली होती, सगळ्यांच्या देखत मामीने मला विचारलं, "काय सांगून गेली होतीस पोरीला?"

"झाकण सैल ठेव म्हणाले होते."

"खोटं!" श्वेता रडत होती. "आई शपथ, ही म्हणाली सील ठेव. म्हणून मी टेप पण लावली. मी कशाला मनाने करीन?"

"सैल म्हणाले मी! मामा होते तिथे. मामा, तुम्ही ऐकलंत. तुम्हीच म्हणालात मराठीत सांग. सांगा ना मामा."

मामा उशीला टेकून बसले होते. अर्ध्या तोंडावर बँडेज. मोकळा डोळा त्यांनी माझ्यावरून श्वेताकडे नेला, श्वेतावरून मामीकडे, आणि मग पांघरुणावर ठेवला. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली.

"मला काही आठवत नाही, बाई," ते म्हणाले.

'बाई' ते मला कधी म्हणत नसत.

फुटक्या बाटल्या, नासकं लोणचं, अवलक्षणी पोर, हे सगळं त्या रात्री झालं आणि काकांना तारही गेली. पण मी करमाळ्याला गेले नाही. सूद आंटींची बहीण मयूर विहारला घरगुती लोणच्यांचा छोटा धंदा करायची. मी एक पिशवी आणि मोकळ्या केलेल्या बरण्या घेऊन तिच्या दारात उभी राहिले. म्हटलं, पगार नका देऊ, झोपायला जागा द्या आणि महिन्यानंतर आपण बोलू. महिन्यानंतर आम्ही बोललो आणि मी तिला घाम फोडला. पुढचं सगळं मी कमावलेलं आहे, त्यात कोणाचा वाटा नाही. लोक म्हणतात, मंगलताई, एवढं झालंय आता, जुन्या गोष्टी सोडा. लोणच्याच्या पाण्याला आपण खार म्हणतो. मी आयुष्यभर खारच विकला आणि श्वेतावर खारच खाल्ला. दोन्ही मला चांगले मानवले.

मग गेल्या थंडीत श्वेताच्या मुलीचं लग्न झालं. मामी आता नाही, बोलावणं मामांच्या नावाने आलं म्हणून गेले. नवरीच्या खोलीत पुण्याहून आलेली एक बाई श्वेताला नऊवारी नेसवत होती. ती म्हणाली, "ताई, निऱ्या सैल झाल्यात, जरा धरा."

श्वेता माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सहज बोलली. "सील? निऱ्या सील कशाला करायच्या? पिन लावू का?"

पुण्याची बाई हसली. श्वेताही हसली, तिला वाटलं पिनेवरून काही विनोद झाला. मी हसले नाही. माझ्या हातातली अक्षतांची वाटी मी खाली ठेवली. श्वेताला तो शब्द ठाऊकच नव्हता. तेव्हाही नव्हता, आताही नाही. तिने ऐकलं ते सांगितलं, आणि सांगितलेलं मनापासून केलं, तीन-तीन वेढे देऊन.

म्हणजे त्या सकाळी मामी कणकेत गुंतलेली, आणि माझ्याशिवाय सैल हा शब्द कान देऊन, अर्थासकट ऐकलेला माणूस एकच होता. माझं 'ढीला' ज्याने अर्ध्यात तोडलं तो. श्वेताला 'ढीला' कळलं असतं.

मी श्वेताला माफ केलं, असं कोणी समजू नये. माफ करण्यासारखं काही नव्हतंच, आणि तेच मला सहन होत नाही. इतकी वर्षं पोसलेला राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता.

या महिन्यात मी मामांना भेटायला गेले. ते मयूर विहारला श्वेताच्या फ्लॅटमध्ये राहतात, खिडकीजवळच्या पलंगावर. शरीर वाळलंय, कान शाबूत आहेत. मी काळ्या गाजरांची बरणी नेली होती, आदल्याच दिवशी आंबायला लागलेली. त्यांच्या उशाशी ठेवली. श्वेता चहा ठेवायला आत गेली. मामांनी डाव्या डोळ्याने बरणीकडे बराच वेळ पाहिलं. मग हात वर न करता, ओठ जेमतेम हलवून म्हणाले, "झाकण सैल आहे ना, मंगल?"

मी खुर्ची पुढे ओढली. "मोठ्याने म्हणा मामा. श्वेता आत आहे. तिला ऐकू जाईल असं म्हणा."

त्यांनी तोंड उघडलं. आतून कपांचा आवाज आला आणि श्वेता दारात येऊन उभी राहिली. "काय हवंय बाबा? काही म्हणालात?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही गं," ते म्हणाले. "गारठा आहे म्हटलं."

ती परत आत गेली. मी भाव कमी करणाऱ्यांतली नाही. मी बसून राहिले. दोघांच्या मध्ये उशाशी बरणी दातांतून श्वास सोडत होती, आणि मामा भिंतीकडे तोंड करून तो ऐकत होते.